ऑक्टाविया परत आली, पण तयार होऊन बाहेरून. आता तिला आपली म्हणायचं का?

यवतेश्वर (सातारा)
मंडळी, बरेच दिवस मनात आहे ते आज लिहूनच टाकतो. माझ्याकडं २०१४ ची स्कोडा ऑक्टाविया आहे, टू लिटर डिझेल, मॅन्युअल, एमएच ११. मी दुसरा मालक, पहिले मालक डॉक्टर होते आणि त्यांनी गाडी जीवापाड जपलेली. आपल्या भागात ऑक्टाविया म्हणजे काय हे इथं कुणाला सांगायची गरज नाही. २००१ पासून आपल्याच राज्यात, संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला जुळणी व्हायची. साखर कारखान्याचे साहेब, डॉक्टर, बागायतदार, सगळ्यांकडं असायची, खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरमध्ये तो टर्बोचा ओढा ज्यानं एकदा अनुभवला तो दुसऱ्या गाडीत रमत नाही.

मग एप्रिल २०२३ ला बीएस सहा या प्रदूषण नियमांचा दुसरा टप्पा आला आणि ऑक्टाविया आणि तिची मोठी बहीण सुपर्ब दोन्ही शेंद्र्यातून गेल्या. सुपर्ब २०२४ ला परत आली, बाहेरून तयार आलेली गाडी, १०० नग, ५४ लाख. आणि ऑक्टोबर २०२५ ला ऑक्टाविया आरएस, म्हणजे तिचं जास्त ताकदीचं रूप, आली, पुन्हा १०० नग, ४९.९९ लाख एक्स-शोरूम. बुकिंग उघडलं आणि बघता बघता संपलं. २०२१ ची शेंद्र्याची ऑक्टाविया २५.९९ ला सुरू व्हायची, हे लक्षात घ्या.

तेव्हापासून आपल्या कंपूत दोन तट पडलेत. एक म्हणतो आपली गाडी परत आली, पेढे वाटा. दुसरा म्हणतो तिचा आपला संबंध संपला. माझं मत सांगतो. आपल्याकडं गाडी कशी फिरते बघा, पहिला मालक डॉक्टर, सहा-सात वर्षांनी दुसरा कुणीतरी नोकरदार, आणि तिसरा पंचविशीतला पोरगा जो पगारातून हप्ता काढून घेतो आणि दर रविवारी कासच्या रस्त्यावर नेतो. खरं वेड या तिसऱ्या मालकाकडं असतं. मिस्त्री शिकतात ते याच्या गाडीवर, जुने पार्ट शोधून काढतो तो हाच. १०० गाड्या अख्ख्या देशात आल्या तर ही साखळीच तयार होत नाही. मग गाडी कितीही भारी असू दे, आपण फक्त व्हिडिओ बघायचे का? तुम्हाला काय वाटतं ते मनापासून लिहा.

तात्या_टर्बो (कराड)
रुमाल टाकून ठेवतो. चहा टाकायला सांगतो घरात, हा धागा शंभरी गाठणार.

मिरजकर
यवतेश्वर दादा, भावना पोचल्या, पण मुळातली एक गोष्ट तपासू. शेंद्र्याची ऑक्टाविया तरी पूर्ण इथली कुठं होती? सुट्या भागांचे खोके यायचे आणि इथं जुळणी व्हायची. तयार गाडी आणली तर किमतीप्रमाणं ७० ते ११० टक्के ड्युटी, सुटे भाग आणून जोडले तर त्यापेक्षा कितीतरी कमी, म्हणून ती जुळणी. तो धंद्याचा हिशोब होता आणि तो आता बदलला. त्यात आपण इतकं मनाला लावून घ्यायचं कारण नाही.

इथली गाडी हवी असेल तर स्कोडाचीच स्लाव्हिया घ्या. चाकणला बनते, पंचाण्णव टक्क्यांपर्यंत भाग इथले, दीड लिटरचं टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन १५० पीएस ताकद देतं. पण तुम्ही लोक तिच्याकडं बघून नाक मुरडता, म्हणजे तुमचा जीव इथं बनण्यावर नाही, ऑक्टावियावर आहे. मग ती शेंद्र्याहून येवो नाहीतर युरोपातून, फरक पडायला नको.

यवतेश्वर (सातारा)
@मिरजकर नाक मुरडत नाही हो, स्लाव्हिया चालवलीय आणि आवडलीय. पण माझा मुद्दा खोक्यांचा नाहीच. जोडणी इथं होती म्हणून गाडी संख्येनं आली, संख्येनं आली म्हणून साताऱ्यासारख्या गावात तिचा जाणकार मिस्त्री तयार झाला. आमचे मिस्त्री बॉनेट न उघडता, इंजिन बंद करताना जो खडखड आवाज येतो त्यावरून सांगतात की फ्लायव्हील जायला आलंय की नुसतं माउंटिंग. हे त्यांना कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळालं नाही, वीस वर्षं त्याच गाड्या समोर आल्या म्हणून मिळालं.

कृष्णाकाठ (सांगली)
मी यवतेश्वर दादांच्या बाजूनं, आणि कारण सांगते. २०१९ च्या पुरात आमची फोक्सवॅगन पोलो पार्किंगमध्ये डॅशबोर्डपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर सीटवर बोटभर चिखल, सांगता येणार नाही असा वास, सीटबेल्ट ओढला की त्यातून गाळ बाहेर. विमावाल्यांनी टोटल लॉस सांगितला होता. पण नवऱ्याचा जीव गाडीत अडकलेला, त्यानं आणि विश्रामबागेतल्या आमच्या मेकॅनिक दादांनी मिळून ती उभी केली. कार्पेट काढून गच्चीवर वाळवलं, वायरिंगचा एक एक कनेक्टर उघडून साफ केला, जे गेलं ते बदललं, आणि बदलायला मिळालं कारण पोलो चाकणला २०१० पासून हजारोंनी बनत होती. पुण्यात जुने पार्ट सहज मिळाले, दाराची पॅडं, सीटा, हेडलाइट, सगळं. ती पोलो आजही माझ्याकडं आहे.

हेच बाहेरून आलेल्या शंभरातल्या एका गाडीचं झालं असतं तर? आमच्या सांगलीत हा प्रश्न हवेतला नाही, २०२१ ला परत पाणी आलंच की.

आणि अजून एक. २०१६ ला तीन दारांची, जास्त ताकदीची पोलो जीटीआय बाहेरून आली होती, ९९ गाड्या, २५.६५ लाख. तेव्हा कुणाला दुखलं नाही, उलट आम्ही फोटो काढायला धावलो होतो. कारण खाली आमच्या साध्या पोलो होत्याच. आता साधी गाडी गेली आणि नुसती वरची आली, पायाच नाही आणि कळस बसवलाय.

तात्या_टर्बो (कराड)
ताई, शेवटच्या वाक्याला कडक सॅल्यूट.

आरएस_वेडा (इस्लामपूर)
माझं मत उलटं आहे आणि मी ते ठासून मांडणार. गाडी म्हणजे गाडी. आरएस २६५ पीएस, ३७० एनएम टॉर्क, शून्यापासून शंभरला ६.४ सेकंदात, आणि मागं डिकी एवढी की अख्ख्या घराचं सामान बसतं. ही गाडी ज्या इंजिनिअरांनी बनवली त्यांचं ते काम बघून माझा जीव हरखतो, त्यांच्या कारखान्याचा पत्ता मी विचारत नाही. २०२० ची आरएस २४५ पण बाहेरूनच आली होती ना, २०० गाड्या, ३५.९९ लाख. आज ती विकायला निघाली तर लोक रांगा लावतात. तिला कुणी परकी म्हणतं का?

दुसरं म्हणजे नियम समजून घ्या. २०१८ पासून कंपन्यांना वर्षाला २,५०० पर्यंत गाड्या इथली वेगळी मान्यता चाचणी न करता आणता येतात, बाहेरची मान्यता चालते. हा नियम नसता तर आरएस आलीच नसती. १०० गाड्यांसाठी कुणी इथं लाइन टाकून टेस्टिंगचा खर्च करेल का? पर्याय ‘शेंद्र्याची की बाहेरची’ असा नव्हताच मुळी. पर्याय बाहेरची किंवा काहीच नाही, असा होता. मी बुकिंगला बसलो होतो, मिळाली नाही, पुढच्या वेळी परत बसणार.

मिरजकर
+१. एकदम मुद्द्याचं.

कोयना_ताई (पाटण)
मधेच विचारते, २०१७ ची ऑक्टाविया १.४ पेट्रोल मॅन्युअल बघितलीय कोल्हापुरात, एमएच ०९. गाडी इथून बंद झालीय म्हणून घरचे नको म्हणतायत. घ्यावी का? तुमची चर्चा वाचून जास्तच गोंधळ झालाय.

अ‍ॅडलेडचा_सांगलीकर
हा विषय माझ्या डोळ्यांदेखत घडलाय म्हणून सविस्तर लिहितो, लांबलं तर गोड मानून घ्या.

मी राहतो त्या अ‍ॅडलेडच्या उत्तरेला एलिझाबेथ नावाचं उपनगर आहे, तिथं होल्डनचा कारखाना होता. होल्डन कमोडोर म्हणजे इथल्या लोकांची १९७८ पासूनची घरची गाडी, मोठी, मागच्या चाकांवर चालणारी, वरच्या मॉडेलला आठ सिलिंडरचं व्ही८ इंजिन. घरं वाटलेली असायची, हे होल्डनवाले, ते फोर्ड फाल्कनवाले, आणि बाथर्स्टच्या शर्यतीच्या दिवशी शेजारी शेजाऱ्याशी बोलायचा नाही म्हणे. फोर्डनं ऑक्टोबर २०१६ ला इथलं उत्पादन थांबवलं, टोयोटानं ३ ऑक्टोबर २०१७ ला, आणि त्याच महिन्यात २० तारखेला एलिझाबेथचा कारखाना बंद झाला. ऑस्ट्रेलियात गाड्या बनवणं तिथं संपलं.

पुढं काय झालं ते आपल्या धाग्याशी जुळतं. २०१८ ला नवी कमोडोर आली, नाव तेच, बिल्ला तोच, पण गाडी जर्मनीत बनलेली ओपेल इन्सिग्निया. पुढच्या चाकांवर चालणारी, व्ही८ नाही, यूट (मागं हौदा असलेली गाडी) नाही. गाडी म्हणून चांगली होती, मी स्वतः चालवलीय, शांत, चपळ, आधीपेक्षा हलकी. पण लोकांनी घेतलीच नाही. माझ्या कामावरचा एकजण, वडील त्याच कारखान्यात होते, त्यानं शेवटच्या लॉटमधली व्ही८ घेऊन ठेवली आणि नव्या कमोडोरकडं ढुंकून बघितलं नाही. २०१९ च्या शेवटाला कमोडोर नाव बंद करायचं जाहीर झालं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये होल्डनच बंद करायची घोषणा झाली.

आरएस_वेडा, तुमचं म्हणणं मला पटतं की आरएस ही खरी ऑक्टाविया आहे, तीच वंशावळ आहे. कमोडोरच्या बाबतीत नाव ठेवून आत दुसरीच गाडी दिली, तो घाव वेगळा होता. पण इथं शिकलो ते एवढंच की लोक गाडीवर जीव लावतात त्यात गाडी बनवणारे शेजारीपाजारी पण धरलेले असतात, आणि कंपन्यांना ते उशिरा कळतं.

जिप्सीवाला (वाई)
सांगलीकर दादा, काय लिहिलंय! वाचनखूण साठवली.

आता याच्या बरोबर उलटं ऐका. जपानात सुझुकीची जिम्नी १९७० पासूनची, त्यांची लाडकी. पाच दारांची जिम्नी मात्र बनते आपल्या गुरुग्रामला. जानेवारी २०२५ मध्ये सुझुकीनं ती जपानात ‘नोमाड’ नावानं जाहीर केली, महिन्याला १,२०० विकू असा त्यांचा अंदाज, आणि चारेक दिवसांत पन्नास हजारांच्या घरात ऑर्डरी! बुकिंग थांबवावं लागलं. म्हणजे जपानी माणसानं आपली घरची गाडी भारतातून आयात होतेय म्हणून नाक मुरडलं नाही, रांग लावली. होंडाची एलेव्हेट पण राजस्थानातल्या टपूकड्याहून जपानला जाते, तिथं तिचं नाव डब्ल्यूआर-व्ही.

मग फरक कुठं पडला? मला वाटतं किमतीत आणि संख्येत. नोमाड सामान्य माणसाला परवडेल अशी आणि लागतील तेवढ्या बनवायची तयारी असलेली गाडी. आपल्याकडं आयात म्हटलं की दुप्पट भाव आणि शंभर नग. आयातीनं प्रेम तुटत नाही, हाताबाहेर गेली की तुटतं.

तात्या_टर्बो (कराड)
जिप्सीवाले, जपानी माणूस आपल्या गुरुग्रामची गाडी घ्यायला रांगेत उभा आहे हे वाचून छाती दोन इंच फुगली. आज कराडात भेटला असता तर भेळ माझ्याकडून.

औंधकर
मी शक्यतो लिहीत नाही, पण शेंद्र्याचा विषय निघाला म्हणून. माझा मावसभाऊ तिथं लाइनवर होता, दारं बसवायच्या स्टेशनला. सुट्टीला गावी आला की आम्ही साताऱ्याला जायचो, आणेवाडी टोलला रांगेत ऑक्टाविया दिसली की तो काच खाली करून तिच्या दाराची फट बघायचा. वरपासून खालपर्यंत सारखी आहे का. सारखी असली की मान हलवायचा. दार लावताना जो भरीव ‘थप्प’ आवाज येतो तो कसा जमवायचा, बिजागरी किती घट्ट, रबर कुठं दाबलं पाहिजे, हे तो जेवताना ताटावर हात दाखवून सांगायचा.

मिरजकर साहेब, खोके बाहेरून यायचे हे खरं आहे. पण त्या खोक्यातून गाडी उभी करणारी माणसं आपली होती आणि त्यांना त्या कामाचा अभिमान होता. कोडियाक अजून तिथं जुळते म्हणून काम चालू आहे, पण भावाला ऑक्टाविया गेली त्याचं वाईट वाटलं ते वाटलंच.

मिरजकर
औंधकर, हे वाचून बराच वेळ थांबलो. माझा हिशोब हिशोबाच्या जागी बरोबर आहे, पण तुमच्या भावाच्या बाबतीत त्याला काही अर्थ नाही हे मान्य.

प्रिया_७८ (सातारा)
मुलांनो, तुमच्यात मी म्हातारा. पण इथली गाडी काय असते ते साताऱ्याला विचारा! महाराष्ट्र स्कूटर्स १९७५ ची, आपल्या साताऱ्याची, आणि तिथं बनायची प्रिया. आमच्या गल्लीतच कामगार राहायचे. स्कूटर चालू झाली नाही की मेकॅनिककडं न जाता त्यांच्या दारात न्यायची, वहिनी आतून चहा आणायच्या आणि भाऊ प्लग काढून बघायचे. एका बाजूला तिरकी करून किक मारली की पहिल्या दमात सुरू. पोवई नाक्याच्या चढावर डबलसीट आणि पुढं पोर उभं, तरी कुरकुर नाही. तशी गाडी पुन्हा नाही.

जिप्सीवाला (वाई)
काका, आमच्याकडं पण होती! आजोबांची, फिक्या निळ्या रंगाची. डाव्या मुठीत गिअर, पायात मागचा ब्रेक. पसरणी घाट चढवायचे तिच्यावर.

कृष्णाकाठ (सांगली)
आमची पांढरी होती. आई मागं एका बाजूला बसायची, मांडीवर मी. काका, त्या स्कूटरवर स्वतंत्र धागा काढा ना, फोटोसकट.

प्रिया_७८ (सातारा)
काढतो. नातवाला फोटो चढवायला सांगतो.

आरएस_वेडा (इस्लामपूर)
काका, तुमच्या धाग्याची वाट बघतो. पण मूळ विषयावर येऊ. अ‍ॅडलेडकरांनी आणि औंधकरांनी लिहिलेलं मनाला लागलं, तरी मी म्हणतो की बाहेरून आलेल्या १०० गाड्यांमुळं ऑक्टाविया हे नाव इथं जिवंत राहिलं. ती आरएस संभाजीनगरात, पुण्यात, कुठं कुठं दिसेल, एखादा शाळेतला पोरगा ती बघून वेडा होईल. मी असाच झालो होतो, पिवळी व्हीआरएस, म्हणजे जुनी आरएस, बघून.

मिरजकर
ते खरं, पण मालकाचे हाल पण लिहा. माझ्या ओळखीत एकाकडं बाहेरून आलेली गाडी आहे, कंपनीचं नाव घेत नाही. पुढची काच तडकली, इथं शिल्लक नव्हती, बाहेरून मागवली, आणि तोवर गाडी शेडमध्ये कव्हर घालून उभी. विमा होता, पैसे होते, काच नव्हती. आपल्या भागात पुढं चाललेल्या डंपरचा खडा उडणं रोजचं आहे, खंबाटकीत तर विचारू नका. यवतेश्वर दादांनी मिस्त्री आणि पार्टचं जे लिहिलं ते या बाजूनं मला पटतंय.

कोयना_ताई (पाटण)
माझा प्रश्न वाहून गेला वाटतं :)

यवतेश्वर (सातारा)
नाही ताई, तुमच्यासाठीच लिहायला बसलो. बिनधास्त बघा ती गाडी. ऑक्टाविया बंद झाली तरी ती ज्या एमक्यूबी प्लॅटफॉर्मवर (सामाईक सांगाड्यावर) आहे त्यावर सुपर्ब, कोडियाक, टिग्वान, ऑडी ए३, एवढ्या गाड्या इथं फिरतायत, त्यामुळं फिल्टर, ब्रेक पॅड, बुश, लोअर आर्म, सेन्सर यांची चणचण नाही. अवघड जातं ते बॉडीचं सामान, बंपर, हेडलाइट, टेललाइट, दाराचे आरसे. म्हणून घेताना हेडलाइटच्या क्लिपा तुटलेल्या नाहीत ना हे हात लावून बघा, नुसत्या डोळ्यांनी नाही. क्लच दाबायला जड लागतो का, चालू-बंद करताना खडखड आहे का, टायमिंग बेल्ट कधी बघितला किंवा बदलला त्याची पावती आहे का. एसी लावून चढावर न्या, कोल्हापुरातून निघून जोतिबाचा घाट एकदा चढवा, गाडी सगळं सांगते. आणि सगळी सर्व्हिस हिस्टरी मागा, नुसत्या शब्दावर जाऊ नका.

बाकी मंडळी, एवढं सगळं वाचून माझं मत आधीपेक्षा पक्कं झालंय. आरएस_वेडा, ती गाडी वाईट म्हणणारा मी कोण, मिळाली तर मी पण रात्रभर चालवीन. पण माझी निष्ठा इथं आधीच आलेल्या ऑक्टावियांशी. शेंद्र्याहून निघालेली प्रत्येक गाडी रस्त्यावर राहिली पाहिजे यासाठी जे करता येईल ते करायचं. आपण साताऱ्या-सांगलीतले सगळे मिळून एक यादी करू, कुणाकडं काय जादा सामान पडून आहे, कुठला मिस्त्री कुठल्या कामात चांगला, बुश आणि माउंटिंग एकगठ्ठा मागवलं तर कितीला पडतं. पुढचा मालक पंचविशीतला असेल, त्याला सगळं परत शोधायला लागू नये.

आरएस_वेडा (इस्लामपूर)
यादीत मी आहे. माझ्याकडं दुसऱ्या पिढीच्या गाडीचा उजवा टेललाइट पडून आहे, लागेल त्यानं घेऊन जा, पैसे नकोत.

औंधकर
दाराच्या रबरांचं आणि फिटिंगचं काही असेल तर भावाला विचारून सांगत जाईन. त्याला आवडेल.

कृष्णाकाठ (सांगली)
पोलोवाल्यांना पण घ्या यादीत. वायरिंगच्या कनेक्टरचं काम आमच्या मेकॅनिक दादांइतकं बारकाईनं करणारा सांगली-मिरजेत मला तरी माहीत नाही.

मिरजकर
एक्सेल मी करतो. मॉडेलचं वर्ष, इंजिन, गाव आणि सामान, एवढे चारच रकाने ठेवूया म्हणजे लोक भरतील.

कोयना_ताई (पाटण)
काल गाडी बघून आले. हेडलाइट ठीक, पावत्या सगळ्या आहेत, जोतिबाचा घाट मस्त चढली. फक्त डाव्या पुढच्या बाजूनं खड्ड्यात टकटक येतंय. मालकानं रविवारी साताऱ्यापर्यंत आणून द्यायची तयारी दाखवलीय, तुमच्या मिस्त्रींना एकदा ऐकवायची आहे. कुठं यायचं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

यवतेश्वर (सातारा)
व्यनि केलाय. सकाळी दहाच्या आत या, नंतर त्यांच्याकडं गर्दी होते.